कुमुदिनीकाकूंचा ओला पारा

"पारा पंचेचाळीसवर असला की माझी काळजी करू नकोस," कुमुदिनीकाकू म्हणाल्या होत्या. "पारा उतरला, आभाळ भरून आलं, लोक 'चला, सुटलो' म्हणायला लागले, की मात्र वर येऊन बघून जा, मी धड आहे का ते."

अश्लेषा तेव्हा गच्चीवरच्या दोरीवर विहंगची दुपटी वाळत घालत होती. मे संपत आलेला, नौतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, चाललेला, सकाळी नऊलाच फरशी चपलेतून चटके देत होती. कडेवर नऊ महिन्यांचं पोर, दातांत चिमटा. असल्या उन्हात 'पारा उतरला की घाबर' हे ऐकून तिला हसूच आलं. "उलटंच सांगताय काकू," ती म्हणाली, आणि शेवटचा चिमटा लावून भराभर खाली गेली. म्हातारं माणूस एकटं राहिलं की असं काहीबाही सुचतं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि जिना उतरेपर्यंत ती तेही विसरली.

दर्पण कॉलनीतल्या त्या घरात तळमजल्यावर अश्लेषा आणि तिचा नवरा शंतनु भाड्यानं राहत होते. वर दोन खोल्या आणि पुढे मोकळी गच्ची. त्या खोल्यांत घरमालकीण कुमुदिनीकाकू, वय शहात्तर. शहरातल्या लश्कर भागात एका मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी सगळी कॉलनी त्यांना 'मॅडम' म्हणे. एकटी अश्लेषा 'काकू' म्हणे, कारण माधवगंजला तिच्या माहेरी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन आत्या होत्या, आणि त्या दोघी आजही त्यांचं नाव निघालं की सरळ बसायच्या.

गच्चीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, सावलीत, फटीफटींची एक पांढरी लाकडी पेटी होती. आत दोन तापमापक शेजारी शेजारी. एक साधा. दुसऱ्याच्या तळाशी मलमलीची पट्टी गुंडाळलेली आणि पट्टीचं टोक खाली पाण्याच्या वाटीत सोडलेलं. रोज सकाळी आठ आणि दुपारी तीन, काकू पेटी उघडायच्या, दोन्ही आकडे वहीत लिहायच्या, सकाळच्याला वाटी भरायच्या. एकतीस वर्षं हे चाललं होतं. कधी लग्नाकार्याला बाहेरगावी गेल्या तर शेजारणीला शिकवून जात, आणि परतल्यावर त्या दिवसांपुढे शेजारणीचं नाव लिहीत. आकडा जिचा तिचा.

"कोरडा पारा हवा किती तापली ते सांगतो," त्यांनी अश्लेषाला एकदा समजावलं होतं. मग विहंगचा दंड ओल्या बोटानं पुसून त्यावर फुंकर घातली. तो खिदळला. "बघ, गार लागलं. पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. कूलरही हेच करतो आणि आपला घामही हेच करतो. ओला पारा सांगतो, हे किती जमेल. मे महिन्यात कोरडा पंचेचाळीस असतो, पण ओला तेवीस. कूलर खुशीत. जूनमध्ये ढग आले की कोरडा उतरतो सदतीस-अडतीसला, आणि ओला चढतो तिशीला. मग कूलर म्हणजे नुसता पंखा, तोही दमट. घाम येतो पण वाळत नाही. लोक मात्र कोरडाच पारा बघतात."

अश्लेषानं 'हो हो' म्हटलं होतं. तिचं लक्ष विहंगच्या पाठीवरच्या पुरळाकडे होतं.

तिचं लक्ष सतत कशाकडे तरी असे. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली मुलगी, पण आई झाल्यापासून सगळं शिक्षण जणू एकाच कामाला लागलं होतं: पोराला काय होतंय आणि कशानं होतंय. फोनमध्ये तिनं यादी ठेवली होती. 'आंबा → जुलाब.' 'पावणे आले → रात्री रडणं.' 'डाळीचं पाणी → पुरळ.' त्या शेवटच्या बाणापायी आठ दिवस विहंगची डाळ बंद होती.

काकूंनी यादी पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे बाण कुणी काढले?"

"मी."

"डाळीनं नाही ना काढले? मग सांग, पुरळ उठलं त्या दिवशी घरात आणखी काय नवं होतं?"

अश्लेषाला आठवेना. मग आठवलं. दाल बाज़ारातून शंतनुनं कपड्यांची सुटी पावडर आणली होती, स्वस्त मिळते म्हणून पाच किलो. काकूंच्या सांगण्यावरून तिनं पावडर बंद केली आणि डाळ सुरू केली. पाच दिवसांत पाठ साफ झाली. अश्लेषा नाचतच वर गेली.

"पावडरच होती काकू!"

"असेल. खात्री करायची तर ती परत वापरून बघायला हवी."

"काकू! लेकरू आहे ते माझं!"

"बरोबर. लेकरावर नाही करायचे असले प्रयोग," काकू हसल्या. "मग 'बहुतेक पावडर' असं लिही. 'नक्की' लिहू नकोस."

अश्लेषाला हे फार आवडलं होतं. आजवर तिला सल्ला देणाऱ्या प्रत्येक बाईला सगळं नक्की ठाऊक होतं. सासूबाईंना नक्की ठाऊक होतं की नजर लागली. ज्यांचं म्हणणं खरं निघालं त्या एकट्या काकू म्हणत होत्या, बहुतेक.

पण त्यांचा मोठेपणा तिला खरा कळला तो दिग्विजयसिंहकाकांमुळे. हे शेजारचे गृहस्थ. पूर्वज घोडदळात, स्वतः विमा कंपनीत, मिशा मात्र घोडदळातल्याच. संध्याकाळी उन्हं उतरली की भिंतीपलीकडच्या आपल्या गच्चीवरून ते मॅडमना डिवचायला उभे राहत.

"क्या मॅडम, आज कितना? पेपरमध्ये नुसतं क्लायमेट क्लायमेट चाललंय. अहो, आमच्या लहानपणी पण सत्तेचाळीस व्हायचं. पंखा नव्हता, तरी जगलो की नाही?"

"जे जगले तेच सांगायला उरलेत, दिग्विजयसिंह."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, ते राहू द्या. या वर्षी नौतपा कसा खणखणीत तापला. आता पाऊस बघा कसा लागतो!"

"एकतीस वर्षांचा ताळा काढलाय मी त्याचा. सतरा वेळा जमलं, चौदा वेळा नाही. तुम्ही नाणं उडवलं असतंत तरी जवळपास एवढंच आलं असतं."

"अच्छा? मग तुमच्या त्या वहीतून क्लायमेट तरी सिद्ध होतं का? बोला!"

अश्लेषा कपडे गोळा करता करता थांबली. आता काकू वही त्यांच्या अंगावर फेकणार, असं तिला वाटलं. एकतीस वर्षांचे आकडे हातात असलेल्या माणसानं आणखी काय करायचं?

"नाही होत," काकू म्हणाल्या.

दिग्विजयसिंहकाकाच गडबडले. "नाही?"

"माझ्या वहीतल्या सकाळी गरम झाल्यात हे खरं. पण मी सुरुवात केली तेव्हा समोर गव्हाचं शेत होतं. आज तिथे तीन मजली घरं आहेत आणि तुमच्यासकट सगळ्यांचे एसी माझ्या पेटीकडे तोंड करून गरम हवा सोडतात. शिवाय एकदा मी पेटी दुसऱ्या भिंतीवर हलवली, तेही लिहून ठेवलंय. यात कॉलनीचं किती आणि जगाचं किती, ते एका गच्चीवरून सांगता येत नाही."

"म्हणजे मी बरोबर!"

"थांबा जरा. एका गच्चीवरून येत नाही, म्हणून लोकांनी हजारो ठिकाणी मोजलं. समुद्रावर, बर्फावर, जिथे ना कॉलनी ना तुमचा एसी. तिथेही तेच निघालं. मग त्यांनी तुमच्यासारखीच शंका घेतली, सूर्यच जास्त तापला असेल तर? पण तसं असतं तर फार उंचावरची हवाही तापली असती. ती उलट गार झालीय. गोधडी पांघरल्यावर आत ऊब राहते, बाहेर गारवा, तसं. धुराची गोधडी आहे ती, आपणच विणलेली." काकूंनी पेटीचं दार लावलं. "शंका घ्या हो. मला शंका घेणारी माणसं आवडतात. पण शंका घेऊन घरी जाऊन झोपू नका, पुढे तपासा."

दिग्विजयसिंहकाका "सोचना पड़ेगा" म्हणत आत गेले. अश्लेषा दुपटी छातीशी धरून तशीच उभी होती. जिला 'हो' म्हणायचा सगळ्यांत जास्त हक्क, तिनं आपल्याच वहीला 'नाही' म्हटलं होतं, आणि तरीही ती हरली नव्हती. त्या दिवसापासून अश्लेषा गच्चीवर आली की पेटीत डोकावू लागली. का, ते तिलाही नीटसं सांगता आलं नसतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आंधी आली. दहा मिनिटांत आभाळ विटकरी झालं, दारं-खिडक्या आपटल्या, घरभर वाळू. वरून काकूंच्या खिडक्या धडाधड बंद झाल्याचे आवाज तिनं ऐकले.

दुसरा दिवस ढगाळ उजाडला. किती महिन्यांनी सकाळी डोळे न मिटता आभाळाकडे बघता आलं. शंतनु बँकेच्या मुरैन्यातल्या शाखेत होता, निघताना म्हणाला, "आज क्या मौसम आहे यार! विहंगला जरा बाहेर घेऊन बस." कॉलनीच्या ग्रुपवर ढगांचे फोटो येत होते. अश्लेषानंही दोन महिन्यांत पहिल्यांदा दीर्घ श्वास घेतला. विहंगचा दात येत होता, रात्र किरकिरीत गेली होती, सकाळही तशीच सुरू झाली. नऊच्या सुमाराला ती घाईघाईत दुपटी घालायला वर गेली, पेटीत डोकावायचंही राहिलं. काकूंचं दार बंद होतं. कूलरचा घरघर आवाज येत होता. आहेत आत, झोपल्या असतील आज गारव्यात, असं म्हणून ती खाली आली.

कूलर चालू, म्हणजे काकू ठीक. तिनं बाण काढला होता आणि तिला पत्ताही नव्हता.

बाराच्या सुमाराला ती दुपटी काढायला परत गेली, विहंग कडेवर. सवयीनं पेटीत डोकावली.

कोरडा पारा सदतीस. ओला पारा सदतीस.

दोन्ही सारखे म्हणजे हवेत आता पाण्याचा थेंब मावायला जागा नाही, घाम वाळणारच नाही, हे काकूंनीच सांगितलं होतं. सदतीसला असं झालं तर माणूस तग धरत नाही. विहंगला घेऊन तिनं जिन्याकडे धाव घेतली, आणि हातातल्या दुपट्यांकडे बघून थबकली.

दुपटी वाळली होती. नेहमीपेक्षा वेळ लागला असेल, पण वाळली होती. हवेत जागा नसेल तर दुपटी वाळली कशी?

म्हणजे हवा खोटी नव्हती, पारा खोटा होता. ती परत फिरली. पेटीतली मलमल ओली नव्हतीच. कडक, वाळूनं माखलेली. वाटी पालथी. ओला पारा ओला नव्हता, म्हणून तोही कोरड्याइतकंच दाखवत होता. काल आंधीनं वाटी सांडली, बरोबर. पण आंधी काल संध्याकाळी होती. आज सकाळी आठ वाजता काकूंनी ती सरळ केली असती. तापात केली होती, बहिणीचं तेरावं असताना केली होती. एकतीस वर्षं केली होती.

आज आठ वाजता पेटीपाशी कुणी आलंच नव्हतं.

"काकू!" तिनं दार बडवलं. कूलर घरघरत होता. "काकू!"

"क्या हुआ?" भिंतीपलीकडून दिग्विजयसिंहकाका.

"काका, इकडे या, लवकर!" काका भिंतीला आले तसं तिनं विहंगला त्यांच्या हातात दिलं. आयुष्यात कधी पोर न उचललेला माणूस बॉम्ब धरल्यासारखा उभा राहिला. ती जिन्याखालच्या मीटरच्या पेटीमागून काकूंची दुसरी किल्ली घेऊन धावत वर आली.

दार उघडलं तशी कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. आंधीत बंद केलेल्या खिडक्या तशाच बंद होत्या, कड्या लावलेल्या, आणि कूलर रात्रभर त्या कोंडलेल्या खोलीत ओली हवा भरत राहिला होता. काकू पलंगाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. डोळे अर्धवट. हात लावला तर अंग तापल्या तव्यासारखं.

"पहिली घंटा झाली का गं?" त्या पुटपुटल्या. "मुलींना आत घे."

"झाली काकू. घेतलं सगळ्यांना आत." बोलता बोलता अश्लेषाचे हात चालूच होते. खिडक्या सताड उघडल्या. कूलरची पाण्याची मोटर बंद केली, नुसता पंखा चालू ठेवला. फ्रिजमधला सगळा बर्फ टॉवेलात बांधून मानेला, काखेत लावला, अंगावर पाणी शिंपडलं. तोंडात पाणी घालायचा मोह आवरला. शुद्ध धड नसताना घशाखाली उतरायचं नाही. "काका, गाडी काढा!" ती ओरडली. दिग्विजयसिंहकाकांनी विहंगला आपल्या बायकोच्या हाती दिलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून मॅडमना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. वाटेत त्यांच्या मिशीतून घाम टपटप गळत होता आणि ते सारखे म्हणत होते, "मॅडम, वही अजून दाखवायचीय तुम्ही मला. ऐसे नहीं चलेगा."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, "इन्हें कुछ हुआ है, पता कैसे चला?"

"दुपट्यांवरून," अश्लेषा म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, घाबरून बोलतेय.

पाचव्या दिवशी काकू घरी आल्या. आवाज बारीक झाला होता, हात थरथरत होता. बसल्याबसल्या आधी वही मागितली. भेटायला आलेल्या प्रत्येकाकडे एकेक कारण होतं. कुणी म्हणे लू, उन्हाची झळ, लागली, कुणी म्हणे वय झालं. दिग्विजयसिंहकाका म्हणाले, "मी आधीच सांगत होतो, एसी लावा. हा कूलरच कारण आहे."

"मे महिनाभर हाच कूलर होता," काकू म्हणाल्या. "तेव्हा का नाही पडले?" मग अश्लेषाकडे वळल्या. "तू लिही. एकेक घे आणि विचार, हे काढलं असतं तर मी पडले असते का? दमट हवा. बंद खिडक्या. डोक्यावर तापणारं छत. ब्लड प्रेशरची गोळी, तिनं लघवीला जास्त होतं, पाणी कमी पडतं. शहात्तर वर्षं. यातलं एखादंच असतं तर बहुतेक निभावलं असतं."

"पण काकू, तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं! खिडकी का नाही उघडलीत?"

"आठवतंय ते एवढंच, की मला छान वाटत होतं. झोप येत होती. अगं, मोजणारं यंत्रच तापलं होतं. ते काय मोजणार? म्हणून तर तुला सांगून ठेवलं होतं."

अश्लेषाच्या हातातलं पेन थांबलं. "आणि मी हसले होते. नऊ वाजता दारावरून गेले, कूलर ऐकला आणि गेले."

वाटलं होतं, काकू म्हणतील, जाऊ दे, तुझी काय चूक. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"तेही लिही," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवसाचा सदतीस-सदतीस खोडू नकोस. पुढे लिही, पट्टी कोरडी, आकडा अश्लेषानं पाहिला."

अश्लेषानं लिहिलं. कारणांच्या यादीत शेवटी एक ओळ घातली: 'सकाळी कुणी दार वाजवून पाहिलं नाही.' बाकीच्या ओळींपैकी दमट हवा तिच्या हातात नव्हती, काकूंचं वय नव्हतं, गोधडी तर अख्ख्या जगाची होती. ही एक ओळ तिच्या हातात होती. काकूंनी वही घेतली, वाचली, आणि त्या ओळीपुढे थरथरत्या अक्षरात एकच शब्द लिहिला. 'नक्की.'

आता सकाळी आठला अश्लेषा विहंगला घेऊन वर जाते. काकू आकडा सांगतात, ती लिहिते, विहंग वाटीत हात घालतो आणि वाटी पुन्हा भरावी लागते. भिंतीपलीकडून दिग्विजयसिंहकाका ओरडतात, "आज ओला कितना?" कोरड्याचं ते हल्ली विचारत नाहीत.

काकू घरी आल्या त्याच संध्याकाळी विहंग झोपल्यावर अश्लेषानं फोन उघडला. आपली बाणांची यादी तिनं वरपासून खालपर्यंत वाचली आणि बहुतेक बाणांपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मग गावातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चौथ्यांदा पाठवलं ते असं:

"तुमच्या वरच्या मजल्यावर, शेजारी, गल्लीच्या टोकाला कुणीतरी एकटं राहत असेल. त्यांचा कूलर चालू असेल, टीव्हीचा आवाज येत असेल, म्हणून तुम्ही त्यांना ठीक धरलं असेल. मीही धरलं होतं. त्यांना विचारलंत तर तेही ठीकच सांगतील, म्हणून फोनवर विचारू नका. आज हवा बरी वाटत असेल तर आजच जा. दार वाजवा, आत जा, खिडकी उघडी आहे का बघा, हात हातात घेऊन बघा. हे वाचून झालं की आधी तेवढं करून या."